एक खांब, तीन गाड्या आणि ग्लेनिसचं नाक

फेब्रुवारीतली एक रात्र कॅम्परव्हॅनमध्ये काढायची, आणि सकाळी ग्लेनिसचं नाक गार लागलं तर सबंध मार्च महिना स्पेनमध्ये, उबदार लागलं तर स्पेन रद्द, असा तह जेवणाच्या टेबलावर झाला, तेव्हा रोलंड बिकर्स्टाफला वाटलं की लग्नानंतर पहिल्यांदाच आपण एखाद्या वाटाघाटीत वरचढ ठरलो. असं वाटणं हेच खरं तर धोक्याचं लक्षण होतं. पण आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाला खड्डा नकाशावर लगेच दिसतो आणि पायाखाली शेवटपर्यंत दिसत नाही.

स्पेनबद्दल रोलंडची काही तक्रार नव्हती. तक्रार डेरेकबद्दल होती. ग्लेनिसची धाकटी बहीण मेगन आणि तिचा नवरा डेरेक निवृत्तीनंतर तिकडे समुद्रकाठी फ्लॅट घेऊन राहिले होते. डेरेकचा स्वभाव मनमोकळा होता, म्हणजे दुसऱ्या कुणाला मन मिटून बसू द्यायचं नाही असा. त्याच्याकडे स्वतःचा मायक्रोफोन होता. मागच्या खेपेला, ऐन उन्हाळ्यात, त्यानं रोलंडच्या डोक्यावर गवती टोपी ठेवून क्लबातल्या पन्नाससाठ अनोळखी माणसांसमोर त्याला गायला उभं केलं होतं. रोलंड दोन ओळी गायला, खोकल्याचं निमित्त करून बाथरूममध्ये गेला आणि क्लब बंद होईपर्यंत तिथंच बसला. नशिबानं खिशात पुस्तक होतं.

मेगन रोज सकाळी बहिणीला फोटो पाठवायची. बाल्कनी, ऊन, संत्र्याचा रस, आणि खाली त्या दिवसाचं तापमान. रोलंडच्या एवढं लक्षात आलं होतं की फोटोत दोघं नेहमी बाल्कनीतच असतात. नाश्ता बाल्कनीत, जेवण बाल्कनीत. एका फोटोत तर इस्त्रीचं टेबलही बाल्कनीत आलं होतं. इतकं ऊन असल्यावर आत कोण कडमडायला जाईल, असा त्यानं त्याचा अर्थ लावला आणि विषय सोडून दिला.

आता गाडीबद्दल. कॅम्परव्हॅन रोलंडनं गुरांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली होती. आत झोपायला पलंग, दोन शेगड्यांची चूल, पुस्तकांसाठी एक फळी आणि पाऊस पडला की कुठल्या तरी जुन्या जनावराचा वास. ग्लेनिस तिला चाकं लावलेला पावाचा डबा म्हणायची. उन्हाळ्यात त्या डब्यात झोपायला तिची हरकत नव्हती. थंडीला होती. ग्लेनिस बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. जन्मभर गरम खोल्यांत काम केलेलं, आणि गार हातांच्या माणसांना बाहेर काढण्याचा अधिकार तिला नोकरीनंच दिलेला. तो तिनं निवृत्तीनंतरही परत केला नव्हता.

तह झाल्याचं कळताच सल्ले सुरू झाले. केटरिंगमधले त्यांचे शेजारी स्पिंक रोज कुंपणावर कोपर टेकून उभे राहू लागले. त्यांनी सांगितलं की निळ्या टाकीतला गॅस कडाक्याच्या थंडीत टाकीतच बसून राहतो, लाल टाकी घ्या. रोलंडनं लाल टाकी आणली. लाल टाकीला निळ्या टाकीची नळी बसत नव्हती. नवी नळी आणली, तर गॅसच्या हीटरनं ग्लेनिसचं डोकं धरलं. तेव्हा स्पिंक म्हणाले, मी तर आधीच सांगणार होतो, गॅस नकोच.

मग रोलंडनं विजेचा मार्ग पत्करला. अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करतात त्या तळावर विजेचा खांब असतो. खांबातून गाडीत केबल आणायची, गाडीत छोटा पंख्याचा हीटर लावायचा आणि झोपायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आयुष्यात याआधीही म्हटलं होतं, आणि त्या प्रसंगांविषयी घरात बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

फेब्रुवारीत उघडा असलेला तळ यॉर्कशरच्या डोंगरात एका शेतकऱ्याच्या कुरणात मिळाला. तिथला वॉर्डन आउथवेट फोनवरच गाडीची लांबी विचारू लागला. ती बंपरसकट की बंपरशिवाय, यावर एक फोन गेला. तुम्ही कॅम्परवाल्यांच्या संघटनेचे सभासद आहात का, यावर दुसरा. सभासद व्हावं लागलं. सभासदत्वाबरोबर खिडकीला लावायचं एक तिकोनी निशाण आलं. ग्लेनिसनं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "आता यात कुठलं बाळ गुंडाळायचं?"

तळावर पोचल्यावर पहिलं दर्शन फलकाचं झालं. देवानं मोझेसला दहा आज्ञांवर सोडलं होतं. आउथवेटचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. गाडीचा मागचा डावा कोपरा खुंटीला टेकलेला असावा. दोन गाड्यांत ठरलेलं अंतर असावं. भांडी धुण्याच्या जागी मोजे धुऊ नयेत. अंधार पडल्यावर आग लागल्याशिवाय वॉर्डनला उठवू नये. रोलंडनं फलक दोनदा वाचला, कारण छापलेलं काहीही दोनदा वाचायची त्याला सवय होती. तोवर आउथवेटनं पावलं टाकत अंतर मोजलं आणि गाडी हातभर उजवीकडे घ्यायला लावली. उजवीकडे घेतल्यावर केबल खांबापर्यंत पोचेना. केबल पोचेल अशी लावली तर खुंटी चुकली. शेवटी आउथवेटनं खुंटीच उपटून दुसरीकडे ठोकली आणि हे कुठं बोलू नका म्हणाला.

त्या बुटक्या खांबावर आणखी दोन गाड्या होत्या. पहिली थ्रेलफॉल नावाच्या उंच, वाकलेल्या गृहस्थाची. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि विधुर होते. सोबत बिशप नावाचा म्हातारा लॅब्रॅडॉर. थ्रेलफॉल यांनी ओळख होताच कुत्र्याच्या वतीनं आगाऊ माफी मागितली: बिशपला रात्री वायू होतो. मग त्यांची नजर रोलंडच्या केबलवर गेली. जास्तीची केबल रोलंडनं नीट वेटोळं करून गाडीखाली ठेवली होती, आणि त्या वेटोळ्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

"माफ करा, मी बोलणं योग्य नाही," थ्रेलफॉल म्हणाले, "पण हीटर लावणार असाल तर वेटोळं ठेवू नका. आतल्या आत तापतं. माझ्या मेव्हण्याचं वितळलं होतं. अर्थात तुम्हाला माहीत असेलच."

रोलंडला माहीत नव्हतं. अर्थात, अर्थात, असं म्हणत त्यानं सगळी केबल गवतावर नागमोडी पसरली. मग तिच्यात पाय अडकून तो खांबासमोर गुडघ्यांवर आला. थ्रेलफॉल यांनी सॉरी म्हटलं. रोलंडनंही म्हटलं. कुत्रा तेवढा गप्प राहिला.

दुसरी गाडी ऑड्री आणि पॅट या दोन मैत्रिणींची होती. ऑड्रीनं शाळेत पोहणं शिकवलेलं, त्यामुळे ती साधं बोलली तरी पलीकडच्या काठावर ऐकू जाई. पॅट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि पाद्र्याच्या आधी संपवायची. दोघींनी सुक्या मेव्याचा केक आणून दिला, तो दाराबाहेरूनच, आणि आत येता का म्हटल्यावर छे छे म्हणत गेल्या. अशी सभ्य माणसं शेजारी मिळाली याचं रोलंडला बरं वाटलं. कुणी कुणाच्या गाडीत शिरणार नव्हतं. मायक्रोफोन कुणाकडेच नव्हता.

अंधार लवकर पडला आणि गवत कडक होऊ लागलं. रोलंडनं काचांना रुपेरी पडदे लावले, हीटर पूर्ण वाढवला आणि ग्लेनिसच्या दिशेला वळवला. गाडीत ऊब पसरली. ग्लेनिसनं हातमोजे काढले. मग कोट काढला. रोलंडच्या डोळ्यांसमोर स्पेनचा किनारा हळूहळू मागे सरकू लागला. त्या आनंदात त्यानं चहासाठी विजेच्या किटलीचं बटण दाबलं आणि सगळीकडे अंधार झाला.

सगळीकडे म्हणजे तिन्ही गाड्यांत. विजेचा भार जास्त झाल्यानं खांबाचं बटण पडलं होतं, आणि ते कुलपाआड होतं. किल्ली आउथवेटकडे.

थोडा वेळ कुणीच बाहेर आलं नाही. मग तीन टॉर्च खांबाशी जमले. रोलंडला खात्री होती की हे आपल्या किटलीचं पाप आहे, म्हणून तो सॉरी म्हणाला. थ्रेलफॉल म्हणाले, छे, माझंच काहीतरी असणार, सॉरी. पॅट म्हणाली की आम्ही नुकताच टोस्ट लावला होता, तेव्हा सॉरी म्हणायचा हक्क आमचा आहे. कुणी नेमकं काय लावलं होतं हे कुणी विचारलं नाही. शेजाऱ्याच्या विजेची चौकशी करणं म्हणजे त्याच्या कपड्यांच्या कपाटात डोकावण्यासारखंच. तिघं टॉर्च खाली धरून उभे राहिले. वॉर्डनला बोलवायला कुणी जावं, यावर बराच वेळ गेला, कारण प्रत्येक जण जायला तयार होता आणि कुणालाच जायचं नव्हतं. शेवटी गाडीतून ग्लेनिसचा आवाज आला, "तिथं प्रार्थना चाललीय का?" तेव्हा रोलंड गेला.

आउथवेट डार्ट्स खेळायला निघालाच होता. त्यानं खांबाचं दार उघडून बटण वर केलं.

"हे बघा," तो म्हणाला, "या खांबावर एक मोठा हीटर चालतो. वर थोडंफार. दोन लावले की गेलं. कुणी लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता दारूच्या गुत्त्यावर असणार, आणि तिथून मला बोलवायचं तर फलक वाचून या."

इतर कुठल्या देशात यानंतर पाळ्या ठरल्या असत्या, किंवा मारामारी झाली असती. दोन्हींतून कुणाला ना कुणाला ऊब मिळाली असती. इथं रोलंड म्हणाला, तुम्ही लावा, आम्हाला काही लागत नाही. थ्रेलफॉल म्हणाले, मला कसली थंडी, कुत्रा आहे ना. ऑड्री म्हणाली की मी बारा महिने समुद्रात पोहते, माझ्यासमोर थंडीचं नाव काढू नका. ती हे सगळ्या कुरणाला सांगत होती. मग सगळे एकमेकांना शुभ रात्री म्हणून, काहीच न ठरवता, ठरल्यासारखे आपापल्या गाडीत गेले.

"काय ठरलं?" ग्लेनिसनं विचारलं.

"सगळं ठीक आहे," रोलंड म्हणाला. हे अगदीच खोटं नव्हतं.

ग्लेनिस लोकरी टोपी ओढून झोपली. रात्रपाळीच्या दिवसांपासून तिला उशीला डोकं टेकताच झोप लागायची. रोलंड मात्र हीटरकडे बघत बसला. हीटर मजेत फिरत होता आणि रोलंडला तो हळूहळू चोरीचा वाटू लागला. तिकडे एकटा म्हातारा, त्याहून म्हातारा कुत्रा. पलीकडे दोन बायका, ज्यांनी केक दिला. केकमध्ये चेरीसुद्धा होत्या. त्या तिघांनी नक्कीच हीटर बंद ठेवला असेल, आणि आपण त्यांच्या वाटणीची वीज पीत बसलोय. उलट त्यांच्यापैकी कुणी हीटर लावला, तर आपल्यामुळे पुन्हा अंधार. स्पेन एका बाजूला आणि केक दुसऱ्या बाजूला. त्यानं बराच विचार केला. डेरेकचा चेहरा आठवून त्यानं हात मागे घेतला, मग थ्रेलफॉल यांचा वाकलेला पाठीचा कणा आठवून पुन्हा पुढे केला.

बरं, हीटर नुसता बंद केला तर आवाज थांबून ग्लेनिस जागी होईल. त्या हीटरला एक खाच उन्हाळ्यासाठी होती: नुसता पंखा, गरमी नाही. रोलंडनं बटण त्या खाचेवर आणलं. घरघर तशीच राहिली. आपण किती कुशलतेनं हे साधलं, या समाधानात त्यानं अंगावर दुलई ओढली. शेजारच्या काळ्या खिडक्यांकडे पाहून त्याला आतून ऊब वाटली. ती ऊब तेवढीच होती, आणि फार टिकली नाही.

हीटर रात्रभर ग्लेनिसच्या तोंडावर गार वारा सोडत राहिला.

उजाडताना रोलंडच्या मानेला काहीतरी टेकलं. त्याला आधी वाटलं, चमचा असावा.

"हे माझं नाक आहे," ग्लेनिस म्हणाली. "ओळख करून घे. स्पेनला ते तुझ्याबरोबर येणार आहे."

बेसिनमधलं तोंड पुसायचं फडकं पुठ्ठ्यासारखं उभं राहत होतं. ग्लेनिसनं हात लांब करून हीटरसमोर धरला, मग बटण पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. रोलंड सांगणार होता. त्यानं सुरुवातही केली, केकपासून. ती पूर्ण होण्याआधी दारावर टकटक झाली. आउथवेट होता, आणि त्याच्या मागे थ्रेलफॉल, ऑड्री, पॅट, अंगावर असतील नसतील ते सगळे कपडे घालून.

"तुम्ही रात्री होता ना इथंच?" आउथवेटनं विचारलं. तो सकाळी सगळ्या खांबांचे मीटर बघायचा. "रात्रीत मीटर जवळजवळ हललेलाच नाही. मला वाटलं, बिघडला. या खांबानं काय उपास केला काय?"

थ्रेलफॉल बुटांकडे बघू लागले. ऑड्रीनं आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाज काढला. "आम्ही बंद केला होता," ती म्हणाली. "तुम्हाला मिळावा म्हणून."

"मीसुद्धा," थ्रेलफॉल म्हणाले. "म्हणजे बिशपच्या अंगाखालचं छोटं विजेचं पांघरूण तेवढं चालू होतं. त्याचे सांधे दुखतात. सॉरी."

बिशप शेपूट हलवत होता. सबंध कुरणात रात्र नीट गेलेला तो एकटाच होता.

सगळ्यांनी सगळ्यांना सॉरी म्हटलं. आउथवेट टोपी मागे सारून बघत राहिला. त्याला काही म्हणायचं असावं, पण फलकावर त्यासाठी नियम नव्हता, म्हणून तो गेला. ग्लेनिस मात्र वेल्सची. तिकडे माणसं थंडी वाजली तर थंडी वाजते म्हणतात. तिनं सगळ्यांना दंडाला धरून आत घेतलं, हीटर पुन्हा गरम खाचेवर आणला आणि चुलीवर पाणी ठेवलं. पाच माणसं आणि एक कुत्रा त्या पावाच्या डब्यात गुडघ्याला गुडघा लावून मावली. काचा धुरकटल्या. रोलंड पुस्तकांच्या फळीला चिकटून उभा राहिला. सहा फुटांच्या आत इतकी माणसं त्यानं सक्तीशिवाय कधी सोसली नव्हती.

तेवढ्यात मेगनचा फोन आला. हातात कप असल्यानं ग्लेनिसनं तो टेबलावर ठेवून सगळ्यांसमोरच सुरू केला.

"येतोय आम्ही," ती म्हणाली. "नाक गार लागलं."

"बरं झालं बाई," पलीकडून मेगन म्हणाली. "येताना तो हीटर घेऊन ये. आणि गरम पाण्याच्या पिशव्या. आणि जाड सपाता, इथं सगळी फरशी आहे, पाय ठेववत नाही."

"कुठं फरशी? मेगन, तू तर उन्हात बसलेली असतेस."

"बाल्कनीत असतं गं ऊन. आत बर्फ. ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, भिंतीत एक नळी नाही गरम पाण्याची. डेरेक कानटोपी घालून झोपतो. एक हीटर आहे, पण तो लावून किटली लावली की सगळ्या घराची वीज जाते, मग डेरेक अंधारात जिना उतरून बटण वर करतो."

गाडीतल्या पाचही जणांनी आपापल्या कपात पाहिलं.

"मग रोज ते फोटो कशाला पाठवायचीस?" ग्लेनिसनं विचारलं.

"उन्हातच बसलेलो असतो ना आम्ही," मेगन म्हणाली. "खोटं काय आहे त्यात?"

फोन ठेवल्यावर ग्लेनिसनं हीटरकडे पाहिलं. मग तिनं निकाल दिला. आणखी एक रात्र इथंच. आज नाक गरम राहिलं तर स्पेन कायमचं रद्द, गार पडलं तर तुझ्या हीटरसकट स्पेन. निदान बहिणीला ऊब मिळेल. पेशंटचा ताप वाचून दाखवल्यासारखं ती हे बोलली, आणि त्यावर अपील नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी रोलंडनं शांतपणे विचार केला. कालच्या प्रकारानं सगळे शरमलेले आहेत. थ्रेलफॉल तर आज बिशपचं पांघरूणसुद्धा बंद ठेवतील. ऑड्री आणि पॅट हीटरला हात लावणार नाहीत. मग खांब पुन्हा उपाशी राहील, आणि सकाळी आउथवेटच्या तोंडावर पुन्हा तो भाव दिसेल. म्हणजे आज आपण हीटर लावणं हेच सभ्यपणाचं ठरेल. भूगोलाच्या माणसाला शोभेल अशा पद्धतीनं त्यानं हे सर्व बाजूंनी तपासलं आणि हीटर पूर्ण वाढवला.

थ्रेलफॉल आणि त्या दोघीही तेवढाच विचार करणारी माणसं होती.

तिन्ही गाड्यांतले हीटर एकदम लागून पुन्हा अंधार झाल्यावर यावेळी कुणी टॉर्च घेऊन खांबाशी गेलं नाही, कारण काय झालं हे सगळ्यांना आपोआप कळलं होतं. आउथवेट डार्ट्सच्या सामन्याला शेजारच्या गावात गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. ग्लेनिसनं गाडीचं दार सरकवलं आणि ज्या आवाजात ती नवख्या बापांना वॉर्डाबाहेर काढायची, त्या आवाजात हाक दिली. "आपापली पांघरुणं घ्या आणि या इकडे सगळे. आणि कुणी सॉरी म्हटलं तर त्याला बाहेर ठेवीन."

आले सगळे. पलंगावर ग्लेनिस, ऑड्री आणि पॅट, पुढच्या खुर्च्यांवर उलटं तोंड करून पुरुष, मधल्या पट्टीत बिशप. वीज नाही, हीटर नाही. तरी थोड्याच वेळात रोलंडनं मफलर काढला. ऑड्रीच्या अंगातून एखाद्या बेकरीसारखी ऊब येत होती. बिशपनंही आपल्या परीनं भर घातली आणि एक खिडकी उघडावी लागली. थ्रेलफॉल यांनी माफी मागायला तोंड उघडलं आणि ग्लेनिसचा इशारा आठवून मिटलं. अंधारात पॅट काहीतरी गुणगुणू लागली, ऑड्रीनं साथ धरली, आणि मग एकामागून एक ओळ उचलायच्या गाण्यात रोलंडची पाळी आली. त्याला कुणी बघत नव्हतं. त्यानं आपली ओळ उचलली. ती त्यानं बरी म्हटली असावी, कारण कुणी सॉरी म्हणालं नाही.

पहाटे कधीतरी ग्लेनिसचं डोकं ऑड्रीच्या खांद्यावर होतं. रोलंडनं खुर्चीतून वाकून, बोट पुढे करून, तिच्या नाकाच्या शेंड्याला हलकेच लावलं. नाक गरम होतं. थोडं घामेजलेलंसुद्धा. त्यानं बोट तसंच जरा वेळ ठेवलं, पुरावा म्हणून.

"पुरे," ग्लेनिस डोळे न उघडता म्हणाली. "जिंकलास."

परतीच्या वाटेवर रोलंड गाडी चालवताना गुणगुणत होता. स्पेन गेलं. मार्चमध्ये वाचायची पुस्तकं त्यानं मनातल्या मनात फळीवर लावूनसुद्धा टाकली. केटरिंगची पाटी दिसली तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "मेगनला फोन केला मी सकाळी. बिचारी तिथं गारठून मरतेय, आणि आपल्याकडे खोलीखोलीत गरम पाण्याच्या नळ्या. म्हटलं, या महिनाभर. पहिल्या तारखेला येतायत."

रोलंडनं गाडी नीट आपल्या बाजूनं चालवत ठेवली. याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही.

"डेरेकसुद्धा?" त्यानं विचारलं.

"त्याला काय बाल्कनीत ठेवून येणार? मायक्रोफोन आणतोय तो. तू काल गायलास, हे मी सांगितलं त्याला. फार खूश झाला."

त्याच संध्याकाळी स्पिंक कुंपणाशी उभे असताना त्यांना दिसलं की बिकर्स्टाफ स्वयंपाकघराच्या खिडकीतून केबल बाहेर काढतोय. आता वेटोळं नको, असं स्पिंक सांगणार होते. पण केबल आधीच सगळ्या हिरवळीवर नागमोडी पसरलेली होती. ती दारातल्या गाडीपर्यंत पोचते का, एवढंच रोलंडला पाहायचं होतं. पोचत होती.

मार्चच्या पहिल्या तारखेला घरात टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा तो पुस्तक घेऊन गाडीत गेला. त्यानं दार सरकवून आतून कडी लावली, हीटर पूर्ण वाढवला आणि वर किटलीही लावली. काही पडलं नाही. या केबलवर दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. उघडलं तर ग्लेनिस, हातात उशी, डोक्याला लोकरी टोपी.

"सरक," ती म्हणाली.